एकादशीचे पाणी

गेल्या वैशाखात, बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी, वांद्र्याच्या बँडस्टँडखालच्या खडकांवर एक तरुण माझ्यापासून चार हातांवर गळ टाकून उभा होता. त्याची काठी कार्बनची होती, रीळ नवेकोरे होते आणि खांद्यावरच्या पिशवीत कप्प्याकप्प्यांतून रंगीबेरंगी बनावट मासे नीट लावून ठेवलेले होते. गळ फेकण्याची लकबही चांगली होती. कुठेतरी मन लावून शिकला असावा. पण प्रत्येक वेळी दोरा ओढून घेतला की गळाला लागून येई ती प्लास्टिकची पिशवी, नाहीतर शेवाळाचा झुपका. समोरचे पाणी मातकट झाले होते आणि खडकांच्या फटींतून वर चढताना फसफसत होते. शेवटी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यातल्या अ‍ॅपवर त्या दिवसासमोरची हिरवी पट्टी काठोकाठ भरलेली होती. "काका, यात तर महिन्यातला सगळ्यात चांगला दिवस आजच दाखवतोय. मग काहीच कसं लागत नाही?" मी म्हणालो, "आज पौर्णिमा आहे ना, म्हणून." त्यावर तो गोंधळून म्हणाला, "पण पौर्णिमा आहे म्हणूनच चांगला दिवस, असं दिलंय यात."

नऊच्या सुमारास पाणी खडकांवर चढू लागले तसा तो सामान आवरून निघून गेला. त्याच्या प्रश्नाने मात्र माझी पाठ सोडली नाही. एकाच चंद्राकडे बोट दाखवून आम्ही दोन उलटी उत्तरे काढली होती, आणि अ‍ॅप खोटे बोलत होते असेही मला म्हणवेना. अशा अ‍ॅपच्या मुळाशी बहुधा जॉन ऑल्डन नाइट नावाच्या अमेरिकी माणसाचा विचार असतो. चंद्र डोक्यावर असताना आणि बरोबर पायांखाली, म्हणजे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असताना मासे अधिक हालचाल करतात, खातात, आणि अमावास्या-पौर्णिमेला हा जोर सर्वांत जास्त असतो, असा सिद्धान्त त्याने १९२६ साली मांडला. त्यात तथ्य किती, यावर वाद आहेत. ते तथ्य असेलही. पण मासा भुकेला असणे ही एक गोष्ट झाली आणि त्याला आपले आमिष दिसणे ही दुसरी. मुंबईच्या किनाऱ्यावर या दोन गोष्टींमध्ये गाळ उभा असतो.

मुंबईचा समुद्र निळा नाही याची खंत परगावच्या पाहुण्यांना वाटते, आपल्याला वाटत नाही. आपला किनारा उथळ आहे, खाड्यांच्या मुखाशी चिखल आहे, आणि उत्तरेला खंभातच्या आखातात नर्मदा आणि तापी यांनी आणून टाकलेला गाळ आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्या त्याच आखातात येतात. तिथून दक्षिणेकडे येताना भरतीचा पल्ला कमी होत जातो, तरी मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. गोव्याला तो याच्या जवळपास निम्माच असतो. एवढे पाणी सहा तासांत आत येते आणि सहा तासांत बाहेर जाते, तेव्हा तळाचा बारीक गाळ वर उचलला जातो आणि दोन-तीन दिवस खाली बसण्याचे नाव घेत नाही. अशा पाण्यात बनावट मासा कितीही चकचकीत असला तरी पाण्याखाली हातभर अंतरावरून तो दिसत नाही. उलट भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत हाच फरक दीड-दोन मीटरांवर येतो, प्रवाह मंदावतो, गाळ बसतो आणि खडकाच्या कडेने वाकून पाहिले तर तळाचे कालव दिसावेत इतके पाणी निवळते. महिन्यातून दोनदा, फार तर तीन-चार दिवस.

हे दिवस कोणते, ते शोधायला मला कधी अ‍ॅप लागले नाही, कारण आमच्या मामाने ते फार आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दाखवून ठेवले होते. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही ठाऊक असणारा तो हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, नऊला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रत्यक्षात पाणी या हिशेबाच्या अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, आणि बिनचूक वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टके आहेतच. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या पातळीची नोंद ठेवली जाते, तेव्हा त्या आकड्यांच्या मागे मोठी पुण्याई आहे. पण पहाटे चार वाजता, दिवा न लावता, कूस बदलता बदलता निघायचे की झोपायचे हे ठरवण्यासाठी पाऊणपट पुरते.

मामा लोअर परळच्या एका गिरणीत होता आणि वरळीच्या बीडीडी चाळीत राहत असे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चाळीतल्या गॅलरीत गोट्या खेळण्याच्या वयाचा होतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याकडे राहायला गेलो तेव्हा तो संप अजून चालूच होता. गिरणीच्या भोंग्याची वेळ झाली की तो उगाच उठून बसे. मग त्याने ती वेळ समुद्राला दिली. त्याच्याजवळ काठी नव्हती. लाकडाच्या फळकुटाला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गिरणीतून कधीतरी घरी आलेले जुने नट शिसाच्या जागी, आणि आगपेटीत ठेवलेले चार गळ, एवढेच सामान. वरळीच्या किनाऱ्यावर, तेव्हा उघड्या असलेल्या काळ्या खडकांवर, तो तर्जनीवर दोरा ठेवून तासन्‌तास बसे आणि मला बोलू देत नसे. माशाला आवाज जातो म्हणून नव्हे, हे मला पुढे कळले. त्याला स्वतःलाच बोलायचे नसे. त्या खडकांपैकी बऱ्याच भागावर आता किनारी रस्त्याचा भराव आहे. २०२४ च्या मार्चमध्ये रस्ता सुरू झाल्यावर मी पहिल्यांदा त्यावरून गेलो तेव्हा गाडीच्या काचेतून ती जागा शोधत होतो आणि चालकाला वाटले की मला पूल पाहायचा आहे.

मामाला बहुतेक वेळा मिळत ते शिंगाळे, ढोमे, एखाददुसरा पालू. चाळीच्या भाषेत सांगायचे तर 'रस्सा होण्यापुरते'. मोठा मासा क्वचित लागे, आणि लागला की नेमका एकादशीला.

मामी घाटावरची, माळकऱ्याच्या घरातली.

वैशाखात दोन एकादशा येतात, शुद्ध पक्षात मोहिनी आणि वद्य पक्षात अपरा. त्यांपैकी एका सकाळी मामाने हातभर लांबीचा रावस चाळीत आणला. चाळीतली पोरे मागून येत होती, बायका दारांत उभ्या होत्या, आणि मामीने उंबऱ्यावरूनच विचारले, "आज कुठला वार, तिथी कुठली, काही कळतं का?" मासा घरात आला नाही. तो गॅलरीत, पाण्याच्या पिंपाशेजारी, ओल्या गोणपाटाखाली पडून राहिला, आणि मी दर पाच मिनिटांनी गोणपाट उचलून त्याच्या चंदेरी खवल्यांकडे आणि कल्ल्यांखालच्या पिवळट तंतूंकडे पाहत राहिलो. दुपारी मामाने तो परळच्या एका मालवणी खानावळीत नेऊन विकला. संध्याकाळी रॉकेल आले, साखर आली, आणि मामीच्या फराळासाठी वरीचे तांदूळ आणि शेंगदाणे आले. माशाच्या पैशांचा उपवास तिने मुकाट्याने केला. मला त्या दिवशी तिचा राग आला होता, कारण रावसाची तळलेली तुकडी मी मनात खाऊन झालो होतो. संपाच्या त्या उन्हाळ्यात तिच्या हाती स्वतःच्या मर्जीने पाळता येईल असे दुसरे काहीच उरले नव्हते, हे समजायला मला वय वाढावे लागले, आणि तरीसुद्धा त्या तुकडीची हळहळ आजही पुरती गेलेली नाही.

मोठा मासा एकादशीलाच का लागे, याला घरात विठोबाची परीक्षा म्हणत. त्यामागचा हिशेब मात्र समुद्राचा आहे. सर्वांत लहान भरती अष्टमीला येत नाही. चंद्राच्या मागून समुद्राला वळायला दिवस-दोन दिवस लागतात, त्यामुळे पाणी खरे निवळते ते नवमी-दशमीला. पण भांग ऐन भरात असताना पाणी जवळजवळ थांबलेले असते, आणि पाणी हलत नसेल तर मासाही हलत नाही. कोळंबी आणि लहान मासे वाहून येतील तेव्हाच मोठा मासा कडेला येऊन त्यांची वाट पाहतो. एकादशीला प्रवाह पुन्हा जागा होऊ लागतो, तरी गाळ अजून उठलेला नसतो. त्यात भरतीची वेळ सव्वाआठची. म्हणजे पहाटे सव्वादोनपासून, उजेड फुटण्याच्या कितीतरी आधीपासून, पाणी चढते असते आणि शेवटचे दोन-तीन तास वारा पडलेला, ऊन कोवळे, खडकांच्या कडा भरलेल्या. मे महिन्यात समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी तीस अंशांच्या आसपास तापलेले असते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, आणि ऊन चढले की मोठे मासे उथळ कडा सोडून खाली उतरतात. तेव्हा वैशाखात जे काही करायचे ते आठ-साडेआठपर्यंत, नाहीतर सूर्य बुडताना. त्रयोदशीपासून पाणी पुन्हा मातकट होऊ लागते. आणि ज्यांना संकष्टी पाळायची आहे त्यांनी निर्धास्त असावे: चतुर्थीच्या पहाटे पाणी ओसरत असते, ते नऊपर्यंत खडक सोडून लांब गेलेले असते, आणि गाळही बसलेला नसतो. तो प्रश्न समुद्रानेच सोडवून ठेवला आहे.

या दिवसांत मी बनावट मासे वापरतो, पण निवळ पाण्यापुरतेच. एरवी जिवंत कोळंबीला तोड नाही. शेपटीच्या शेवटच्या पेरातून गळ घातला तर ती बराच वेळ तडफडत राहते, आणि गढूळ पाण्यातही रावसाला, ढोम्याला त्या हालचालीचा माग लागतो. माकुळाचा पट्टा गळावर घट्ट बसतो, म्हणून लाटेत तो बरा. बोंबील मात्र इतका मऊ की दोन फेकींत गळून जातो, त्याची जागा तव्यावरच. खेकड्याचे तुकडे खडकातल्या पालूला आणि तांबेला चालतात. शिसे जेवढे हलके ठेवता येईल तेवढे ठेवावे, कारण आपल्या खडकांच्या फटी शिसे परत देत नाहीत, आणि तुटलेला तंगूस मागे सोडू नये. बगळ्याच्या पायांत अडकलेला तो एकदा पाहिला की दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. मासा लागला तर लगेच बर्फात. मे महिन्याच्या उन्हात खडकावर तासभर पडलेल्या माशाला घरी आणल्यावर काय वास येतो, ते मामीच्या भाषेत इथे लिहिता येणार नाही.

खाडीची गोष्ट थोडी निराळी. मनोरी, गोराई, ठाण्याची खाडी, जिथे जिथे तिवरांची मुळे पाण्यात उतरली आहेत तिथे या महिन्यात जिताडा असतो. तो मुळांच्या सावलीत दबा धरून राहतो आणि ओहोटी लागून लहान ओढ्यांतले पाणी मुख्य खाडीत उतरू लागले की त्या तोंडाशी येऊन उभा राहतो, कारण बोय माशांची पिल्ले त्याच वाटेने बाहेर पडतात. इथे भरतीपेक्षा ओहोटीचे पहिले दोन तास महत्त्वाचे. जिताड्याचा एक भाग मात्र मला अस्वस्थ करतो. हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे फोटो काढावा असा जो जिताडा हाती लागतो तो बहुतेक वेळा मादीच असतो, आणि वैशाखाच्या शेवटी ती खाडीच्या मुखाकडे अंडी घालायला निघालेली असते. पावसाचे पहिले गोडे पाणी खाऱ्यात मिसळते त्या सुमारास तिचा हंगाम सुरू होतो. रावसाचेही तसेच, आधी नर, मग मादी. हेकरूचे नेमके उलटे, लहान माद्या आणि म्हातारे नर. निसर्गाने ही उलटापालट कशासाठी करून ठेवली असेल ते शास्त्रज्ञ सांगतात, पण हातात धडधडणारा मासा धरून उभे असताना ते शास्त्र आठवणे सोपे नसते. मी अलीकडे मोठा जिताडा सोडून देतो आणि मध्यम आकाराचा घरी नेतो. माझ्याबरोबर येणाऱ्या मित्रांना हे खुळेपण वाटते, कारण बाजारात गाभोळी भरलेली मोठी मादी चढ्या भावाने विकली जाते आणि ती खाणाऱ्यांत मीही असतो. याचे उत्तर माझ्यापाशी नाही. एकूण हिशेब जुळत नाही हे दिसत असताना आपल्या हातातला तेवढा भाग जुळवत राहायचा, असे काहीसे मी करतो.

खडकांवर उभे राहणाऱ्याने पाण्याच्या वेगाचा अंदाज चुकवू नये. भरती सहा तास एकसारखी चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बाराव्या हिश्शाइतकी, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मी. उधाणाच्या दिवशी याचा अर्थ असा की मधल्या दोन तासांत पाणी उभ्या माणसाएवढे वर येते. बँडस्टँडचे खडक सपाट आहेत, त्यांच्यामागे खोलगट पट्टा आहे, आणि पाणी आधी तो मागचा पट्टा भरते. समोर पाहत उभ्या असलेल्या माणसाला परतीची वाट बुडाल्याचे कळत नाही. वैशाखात यात आणखी एक मेख आहे. या दिवसांत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पहाटेची ओहोटी संध्याकाळच्या ओहोटीपेक्षा पुष्कळ खोल जाते आणि दुपारची भरती मध्यरात्रीच्या भरतीपेक्षा मोठी येते. हिवाळ्यात मोठी भरती रात्रीची असते. म्हणून थंडीत ज्या खडकावर दुपारपर्यंत निवांत बसता येते, तो खडक मे महिन्यात दुपारच्या भरतीला पाण्याखाली असतो, आणि ज्यांना समुद्राच्या पोटातले शंख-शिंपले, शेवाळाचे खडक, डबक्यांतली समुद्रफुले पाहायची आहेत त्यांच्यासाठी मात्र हीच पहाट वर्षातली उत्तम. मरीन ड्राइव्हच्या चौपायी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर मी कधी उतरत नाही. त्यांवरचे शेवाळ आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या यांच्याशी कौशल्याचा संबंध नसतो.

लहानसहान गोष्टींपैकी एकच सांगतो. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा लागला, किंवा ओहोटीला वाळूत दडलेल्या पाकटावर पाय पडला, तर हळद, चुना, तंबाखू यांच्या आधी गरम पाणी शोधावे. सोसवेल तेवढ्या कडक पाण्यात हात किंवा पाय बुडवून ठेवला की कळ ओसरते, कारण ते विष उष्णतेने निकामी होते. मग डॉक्टरकडे जावे, काटा आत मोडलेला असू शकतो. मामाकडे थर्मासमध्ये नेहमी कोरा चहा असे, आणि तो सगळा पिण्यासाठी नसे.

पंधरा मे उलटला की समुद्राचा स्वभाव बदलतो. तोवर सकाळी वारा नसल्यासारखा आणि दुपारी वायव्येकडून जोराचा, असा क्रम असतो; पुढे वारा नैऋत्येला सरकू लागतो. त्याच्याही आधी, स्थानिक वारा अगदी शांत असताना, लांबच लांब फुगवट्याच्या लाटा येऊ लागतात. दक्षिणेकडच्या महासागरात हजारो किलोमीटरांवर झालेल्या वादळांनी त्या उठवलेल्या असतात आणि दोन लाटांमध्ये पंधरा सेकंदांहून अधिक अंतर असते. पाहणाऱ्याला समुद्र झोपलेला वाटतो, मग काही मिनिटे गेल्यावर एकामागून एक तीन-चार मोठ्या लाटा खडक धुऊन जातात. अशा दिवसांत खडकावर उतरण्यापूर्वी वरच्या कट्ट्यावर पंधरा मिनिटे नुसते बसावे आणि पाणी कुठपर्यंत येते ते पाहावे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचे आणि अशा फुगवट्याचे इशारे देते. खोल समुद्रात मासे कुठे मिळतील याचे उपग्रहावरून काढलेले अंदाजही तीच देते. ते होड्यांच्या कामाचे, पण लाटांचा इशारा किनाऱ्यावरच्या माणसानेही पाहावा. ढग दाटले, वीज दिसली, तर कार्बनची काठी आधी खाली ठेवावी; तिच्यातून वीज वाहते.

मुंबईला चक्रीवादळे शिवत नाहीत, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि पुढच्याच वर्षी १७ मेला 'तौक्ते' मुंबईच्या बाजूने उत्तरेला गेले. त्या दिवशी समुद्रात बुडालेल्या तराफ्यावरच्या माणसांच्या बातम्या पुढे कित्येक दिवस येत राहिल्या. २०२५ मध्ये तर पावसाने २६ मेलाच मुंबई गाठली, नेहमीच्या ११ जूनच्या दोन आठवडे आधी. वैशाख संपेपर्यंत समुद्र आपला, हा मामाच्या पिढीचा भरवसा होता. तो आता तसा ठेवता येत नाही, आणि हे लिहिताना मला वाटते त्याहून जास्त वाईट वाटते.

त्या तरुणाचा प्रश्न मला याच दिवसांत वर्सोव्याला पुन्हा भेटला. कोळीवाड्यात वलांड्यांवर बोंबील सुकत होते, तळाशी जवळा पसरलेला होता, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी करायला आलेल्या बायका मूठभर जवळा उचलून वास घेत होत्या. एका होडीवर माणसे डोलीची जाळी उतरवत होती. मी सहज विचारले, या पक्षात कसे मिळाले? पौर्णिमेला चांगले मिळाले, असे उत्तर आले. डोल ही खुंटांना बांधलेली, तोंड उघडे ठेवून प्रवाहात धरलेली पिशवी. तिला मासा दिसण्या-न दिसण्याशी कर्तव्य नसते, पाणी जितके जोरात वाहील तितके बोंबील, कोळंबी, मांदेली आत येतात. भांगाला तिचे पोट सुटत नाही. म्हणजे अ‍ॅप म्हणत होते तो दिवस मुंबईत खराच चांगला होता, पण तो डोलीवाल्यांचा होता, गळवाल्यांचा नव्हे. एका समुद्रात राहून आम्ही दोन वेगवेगळे महिने मोजतो, आणि माझा चांगला दिवस हा त्यांचा जाळी धुण्याचा दिवस असतो.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात वरळी, माहीम, वर्सोवा, मढ, सगळीकडे होड्या वर ओढून शाकारल्या जातात. हे एकसष्ट दिवस माशांच्या विणीसाठी आहेत आणि खवळलेल्या समुद्रात माणसे जाऊ नयेत यासाठीही आहेत. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याचा मात्र कोणी विचार केलेला नाही. तो वर्षभर उभा राहू शकतो, आणि पहिल्या पावसात खाडीच्या तोंडाशी अंड्यांनी फुगलेली चिवणी गळाला सहज लागते. पापलेटाला २०२३ मध्ये राज्यमासा केले, लहान मासे पकडू नयेत म्हणून नियम झाले, त्यांची चर्चा होते. गळाला लागलेल्या चिवणीची होत नाही, आणि प्रमाण पाहिले तर होऊही नये. एका मोठ्या जाळ्याच्या एका ओढीपुढे आम्हा सगळ्यांचे वर्ष म्हणजे काहीच नव्हे. तरी होड्या वर आल्या की मी रीळ गोड्या पाण्याने धुतो, तेल घालतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कपाटात ठेवतो. ज्यांचे पोट त्यावर आहे ते थांबलेले असताना ज्याचा तो छंद आहे त्याने शेजारी गळ टाकून उभे राहावे, हे मला जमत नाही. यात पुण्य काही नाही. पावसात भिजत उभे राहण्याचा कंटाळाही थोडा असतो.

मामा जाऊन बरीच वर्षे झाली. मामी पंच्याऐंशीच्या घरात आहे, आता मुलीकडे कांजुरमार्गला राहते, आणि माळ अजून गळ्यात आहे. मासे तिने कधी सोडले नाहीत, तिथी तेवढ्या सोडल्या नाहीत. अपरा एकादशीच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. उद्या जाणार का, असे विचारले. मी हो म्हणालो, सव्वाआठची भरती आहे, पाणी निवळले आहे, असेही सांगितले. पलीकडे क्षणभर हिशेब चालल्यासारखी ती थांबली आणि म्हणाली, "उद्या आणलास तर दाराबाहेर ठेवीन हो. परवा जा. नऊची भरती आहे, पाणी काय एका दिवसात बिघडत नाही. आणि शिंगाळा नको. रावस मिळाला तरच ये, नाहीतर मेथी निवडून ठेवलीय."